पातूर रोडवरचा रोमन पूल

शेखररावांनी दोन्ही कोपरं बाहेर काढून पुलाची रुंदी मोजली आणि ती अजून चार बोटं जास्त आहे असं सांगितलं. पूल म्हणजे मळ्यावरच्या फुलांच्या खोलीत प्लास्टिकच्या कॅरेटच्या दोन उंच थप्प्यांमधून काढलेली वाट. वाटेच्या टोकाला दोन परड्या ठेवल्या होत्या, एकीत झेंडू, दुसरीत निशिगंध. मधोमध तोंडावर फडकं बांधलेला माठ, फडक्याला मूठ जाईल एवढी चीर. प्रतीक्षानं गुडघ्यानं एक थप्पी आत रेटली.

"आता बरोबर," शेखरराव म्हणाले. "रोमच्या मारियसनं नेमकं हेच केलं. रोमचा मतदार लाकडी पुलावरून चालत जायचा आणि टोकाला आपली पाटी टाकायचा. पूल रुंद होता तोवर बड्या लोकांची माणसं शेजारून चालायची, पाटीवर डोकावायची. मारियसनं पूल अरुंद केला. एका वेळी एकच माणूस. लोकशाही शेवटी या रुंदीत असते, प्रतीक्षा."

हे वाक्य ते बी.ए.च्या वर्गाला बत्तीस वर्षं ऐकवत आले होते. प्रतीक्षानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि ते आपल्या बापाला सुचलं याचा तिला अभिमान वाटला होता. आज ती अडतीस वर्षांची होती आणि त्या वाक्यावर तिची नोकरी अवलंबून होती.

पार्बताबाई कला महाविद्यालयातली इतिहासाची जागा शेखरराव निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं रिकामी होती. कागदावर रिकामी. प्रत्यक्षात त्या जागेवर तासिका तत्त्वावर प्रतीक्षा उभी असायची. सुट्टी लागली की तिची नेमणूक संपायची आणि जूनमध्ये ती पुन्हा नवी व्हायची, त्यामुळे नऊ वर्षांच्या नोकरीत तिला एक वर्षाचाही अनुभव नव्हता. आता शासनानं पूर्ण वेळ जागा भरायला परवानगी दिली होती. जाहिरात निघणार होती, मुलाखती होणार होत्या, बाहेरून समिती येणार होती. पण संस्थेचं मन कुणाकडे आहे हे समितीला चहाच्या आधी कळवायचं असतं, आणि ते मन आज, रविवारी दुपारी, अकोल्यापासून दूर पातूर रोडच्या मळ्यावर ठरायचं होतं. कॉलेजात बैठक घेतली की शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळ्यांना ठराव आधी कळायचा आणि कार्यकारिणीला नंतर.

संस्था घरचीच. घरातून दोन नावं होती. एक प्रतीक्षाचं. दुसरं तिचा चुलतभाऊ विपुलचं.

विपुल संस्थेचे अध्यक्ष कुंदनराव यांचा मुलगा. मागच्याच वर्षी तो डॉक्टर झाला होता. वाशीम जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांवर त्याचा प्रबंध होता. प्रतीक्षानं तो वाचला होता, आणि तो वाचणारी ती बहुधा एकटीच. कुणाच्या तरी अकोला जिल्ह्यावरच्या जुन्या प्रबंधात 'अकोला' हा शब्द काढून त्या जागी 'वाशीम' घालण्याचं काम संगणकानं एका झटक्यात केलं होतं, आणि संगणकाला इतिहास ठाऊक नसल्यामुळे एकशे बाराव्या पानावर विदर्भाच्या नेत्यांनी 'वाशीम करारा'वर सह्या केल्या होत्या. तिनं ते पान वडिलांना दाखवलं तेव्हा शेखरराव पोट धरून हसले होते. मौखिक परीक्षेच्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत बसून त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

कार्यकारिणीत मतं पाच. प्रतीक्षानं ती आठवडाभर बोटांवर फिरवली होती. कुंदनराव मुलाच्या बाजूनं. भगवंतमामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, बडनेऱ्याचे निवृत्त तिकीट तपासनीस, अध्यक्षांच्या बाजूनं, कारण गाडी कुठल्या फलाटावर लागते हे पाहूनच ते आयुष्यभर चालत आले होते. उरले तीन. वडील. मोठ्या चुलत्यांच्या पश्चात त्यांच्या जागी आलेली मोठी आई माणिकबाई. आणि माणिकबाईचा मुलगा अमोल, जो अमरावतीला स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवायचा आणि दर शनिवारी त्याची शाखा अकोल्यात, संस्थेच्या हॉलमध्ये भरवायचा. अमोलनं तिला शब्द दिला होता. तीन विरुद्ध दोन. मत गुप्त राहिलं तर.

गुप्त मतदानाची सूचना शेखररावांचीच होती. कुंदनराव विरोध करतील म्हणून ते दोन दिवस मुद्दे काढत बसले होते. कुंदनराव फक्त "हाव, होऊ दे" म्हणाले. मग अमोलनं शंका काढली की चिठ्ठ्या नकोत, कुंदनकाकांना घरातल्या प्रत्येकाचं अक्षर ओळखू येतं, आणि माणिकबाईला नावापलीकडे लिहिता येत नाही.

"चिठ्ठ्या कायले मंग?" कुंदनराव म्हणाले होते. "मळा फुलाचा हाय. फुलं टाका. पोट्ट्याले झेंडू, पोरीले निशिगंध."

शेखररावांना ही कल्पना इतकी आवडली की अर्ध्या तासात ती त्यांची झाली. माठ त्यांनी आणवला, चिरेचं फडकं त्यांनी बांधलं, पूल त्यांनी रचला. रोमन लोक मेणाच्या पाटीवर एकच अक्षर कोरायचे, मग आपण एकच फूल का टाकू नये, असं ते जेवताना तीन वेळा बोलले.

पंगत पडवीत बसली होती. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरून तुपाची धार. कुंदनराव स्वतः वाढत होते. दहावीत ते दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा बसले नाहीत, कारण तोवर वडिलांनी, किसनरावांनी, त्यांना शाळेच्या मंडळावर घेतलं होतं आणि मुख्याध्यापकच त्यांच्यासमोर उभे राहायला लागले होते. पण संस्थेतल्या दोनशे माणसांची नावं, गावं, पोरं, दुखणी त्यांना तोंडपाठ. रोमचा उमेदवार बाजारातून फिरताना एक गुलाम सोबत ठेवायचा, समोरून येणाऱ्या मतदाराचं नाव कानात सांगायला. शेखरराव हे वर्गात हसत सांगायचे. कुंदनरावांना असा गुलाम कधी लागला नाही, आणि यात हसण्यासारखं काय आहे हे शेखररावांनी कधी कुणाला विचारलं नाही.

"काय बाप्पा शेखर," भाजी वाढता वाढता कुंदनराव म्हणाले, "थे रोम बुडालं ना शेवटी?"

"बुडालं, दादा. पण त्याला हजार वर्षं लागली."

"मंग बुडालेल्या लोकाईचं कावून शिकवतं पोराईले? जे तरले त्याईचं शिकवाव."

भगवंतमामाजी मनापासून हसले. अमोल ताटाकडे पाहून हसला. शेखररावांनी घास थांबवून गंभीरपणे सांगायला सुरुवात केली की ऱ्हास हाच खरा शिक्षक असतो. तोवर कुंदनराव पुढच्या ताटापाशी गेले होते.

माणिकबाई हसली नाही. ती आजही पहाटे उठून फुलांच्या खोलीत बसायची. शेखरराव नवे प्राध्यापक होते तेव्हा ते भाषणाची तालीम करायला मळ्यावर यायचे आणि हार गुंफणाऱ्या बायांसमोर तास घ्यायचे. बाया ऐकून घ्यायच्या, कारण उठून जाता येत नव्हतं. माणिकबाईनं त्या सगळ्या वर्षांत एकच प्रश्न विचारला होता. त्या रोमात फुलं कोण विकत होतं? शेखररावांनी 'पाहून सांगतो' म्हटलं होतं. अजून पाहत होते.

जेवणं झाल्यावर कुंदनराव साबण घेऊन नळापाशी उभे राहिले. देवाधर्मासारखं काम आहे, हात स्वच्छ धुवा, असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. सगळ्यांनी धुतले. शेखररावांना यात एक प्राचीन विधी दिसला, आणि दादाला संस्काराची जाण आहे असं ते मुलीच्या कानात बोलले.

मोठ्यापासून सुरुवात झाली. माणिकबाई लुगड्याचा पदर सावरत पुलावरून गेली आणि आली. कुंदनराव गेले आणि आले. भगवंतमामाजी आत जाताना तिकीट दाखवल्यासारखा हात वर करून गेले. मग शेखरराव. ते आत सगळ्यांपेक्षा जास्त वेळ होते. प्रतीक्षाला वाटलं, बाबा पूल बघत असतील. शेवटी अमोल.

दोघं उमेदवार बाहेर बाकावर बसले होते. विपुलनं पांढराशुभ्र, इस्त्रीचा शर्ट घातला होता. रोमचा उमेदवारही खडू चोळून पांढरं केलेलं वस्त्र घालून फिरायचा, हे तिला आठवलं. विपुलला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला त्याच्या आईनं घालायला लावला होता.

"ताई," तो म्हणाला, "मले नर्सरी टाकायची होती. कलमाची. म्या बाबाले सांगतलं होतं."

"मग?"

"बाबा म्हणे, नर्सरीवाल्याले पोरगी कोण देईन."

त्याच्यावर रागावणं तिला जमेना. रागासाठी समोर कुणीतरी असावं लागतं.

माठ पडवीत आणून ताटात उपडा केला. झेंडू तीन. निशिगंध दोन.

भगवंतमामाजींनी टाळी वाजवली आणि कुणी साथ देत नाही म्हटल्यावर तीच टाळी डास मारल्यासारखी संपवली. शेखररावांनी चष्मा काढून पुसला. प्रतीक्षानं अमोलकडे पाहिलं. शब्द दिला होता त्यानं, अमरावतीच्या बसस्टँडवर, चहाच्या टपरीपाशी, स्वतःहून. हजार पोरांना तो 'अचूक पर्याय निवडा' शिकवतो. आज त्यानं निवडला होता. अमोल तिच्या नजरेला नजर देत होता, आणि याचं तिला अधिकच वाईट वाटलं. निर्लज्जपणाचाही क्लास लावला असेल, असं तिच्या मनात आलं.

कुंदनराव आभार मानायला उठले. निवडून आलेला माणूस मानतो तसे, एकेकापाशी जाऊन. भगवंतमामाजींचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, वाकून कपाळाला लावला आणि सोडला. पुढे अमोल. त्याचाही हात तसाच घेतला, कपाळाशी नेला. पण सोडायला थोडा उशीर केला.

"अमोल," ते अगदी गोडीनं म्हणाले, "तुह्या क्लासले आपला हॉल पुढच्या महिन्यापासून लागन का रे? का दुसरीकडं पाहून राहिला?"

अमोलचा चेहरा उतरला.

प्रतीक्षानं कुंदनरावांचं नाक पाहिलं. वाकताना ते किंचित फुललं होतं. लहानपणी मळ्यावरून घरी आलं की मोठी आई तिची बोटं नाकाशी धरायची आणि सांगायची, आज तू विहिरीकडच्या झेंडूत होतीस, उद्या निशिगंधात जाय, हात तरी गोड होईन. फुलवाल्यांच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. निशिगंध बोटांवर गोड चिकटून राहतो. झेंडू कडवट, हिरवा, ओला राहतो, आणि एकदा देठाशी चुरगळला की संध्याकाळपर्यंत जात नाही. म्हणून फुलं. म्हणून साबण. म्हणून "हाव, होऊ दे".

अरुंद पुलावर कुणाला डोकावता आलं नव्हतं. डोकावण्याची गरज कुणाला होती?

मारियसबद्दलची एक गोष्ट शेखरराव वर्गात कधी सांगत नसत. ती तिला परीक्षेच्या अभ्यासात स्वतःच सापडली होती. त्या माणसाला ग्रीक येत नव्हतं. सगळा शिकलेला रोम ग्रीक बोलायचा, आणि हा म्हणायचा, जी विद्या शिकवणारे स्वतः गुलाम आहेत ती शिकून काय करू? पूल अरुंद केला तो एका अडाण्यानं, कारण लोक कुठून डोकावतात हे त्याला ठाऊक होतं. शेखररावांनी आयुष्यभर मारियस शिकवला. तो त्यांच्याच घरात रोडगे वाढत होता, हे त्यांना कधी दिसलं नाही.

म्हणजे अमोलनं निशिगंधच टाकला होता. आपण त्याच्याकडे कसं पाहिलं हे आठवून तिची मान खाली गेली.

कुंदनराव माणिकबाईपाशी पोहोचले होते. तिचा हात त्यांनी कपाळाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग हसले. त्यांच्या हसण्यात पहिल्यांदा थोडी हार होती.

"वहिनी, तुमच्या हाताचं काई समजत नाई. अख्खा बाजार हाय हा."

"चाळीस वर्साचा वास हाय, बाबू," माणिकबाई हात सोडवून घेत म्हणाली. "तुह्या साबणानं नाई जात. तुमी लोक खुर्च्याईवर बसले अन् तुमचे हात कोरे झाले. कोऱ्या हाताचं मत लपत नाई. आमचं लपते."

भगवंतमामाजींना यातलं काही कळलं नाही. त्यांनी आपला हात हळूच हुंगून पाहिला आणि मांडीखाली ठेवला.

प्रतीक्षाचा हिशेब तिथं अडला. मोठे बाबा, म्हणजे कुंदनराव, झेंडू, मामाजी झेंडू, अमोल निशिगंध. तिसरा झेंडू कुणाचा? मोठ्या आईचा असेल? विपुलही तिचाच पुतण्या, तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. तिला दोष कसा द्यायचा? आणि मग तिच्या लक्षात आलं की सगळ्यांचे आभार मानून कुंदनराव जागेवर येऊन बसले होते, आणि एका माणसाचा हात त्यांनी हातात घेतलाच नव्हता. ज्याची खात्री असते त्याला तपासत नाहीत.

शेखरराव उठून तिच्यापाशी आले. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते खरे ओले होते. त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला, ती लहान असताना ठेवायचे तसा. हरलेल्या बाजूचं इतिहासात एक वेगळंच तेज असतं, असं काहीतरी ते बोलायला लागले.

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि हात तसाच गालावर दाबून ठेवला. त्याला कडवट, हिरवा वास येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही देठाशी धरलं फूल."

शेखररावांनी हात ओढून घेतला. दूर रस्त्यावरून पातूरची एसटी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत त्यांना वेळ मिळाला, आणि तेवढ्यात त्यांनी रोम गाठलं. ते सांगू लागले की प्रजासत्ताकाचा पहिला कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, ब्रूटस, त्यानं स्वतःच्या मुलांना देहान्ताची शिक्षा दिली आणि ती अंमलात येताना पाहत बसला. सार्वजनिक पदावर बसलेल्या माणसानं स्वतःच्या रक्ताला झुकतं माप द्यायचं नसतं. आपण मुलीला मत दिलं असतं तर लोक काय म्हणाले असते? आपल्या मनाविरुद्ध, फक्त तत्त्व म्हणून...

"मोठ्या बाबांचा मुलगा तुमचं रक्त नाही?"

"तो तितका जवळचा नाही."

अमोल खोकला. माणिकबाईनं तोंडाला पदर लावला.

"काय देणार आहेत मोठे बाबा?" प्रतीक्षानं विचारलं.

"कुणी काही देणार नाही."

"सांग नं बाबू तिले," कुंदनराव खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या स्वरात कसलीही दुष्टाई नव्हती, उलट भावाची बाजू मांडल्यासारखा स्वर होता. "लपवाचं काय त्याच्यात? चांगलं काम हाय. गौरवग्रंथ काढून राहिलो आपण शेखरचा. सत्तरीले. पाचशे पानं, जाड पुठ्ठा. त्यानं लेखकाईची यादीबी देली मले."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही," शेखरराव म्हणाले. "काळाच्या दृष्टीनं ते दोन्ही एकत्र आले, इतकंच."

प्रतीक्षा नऊ वर्षं ज्या आवाजात मागच्या बाकापर्यंत शिकवत आली होती, त्याच आवाजात बोलली. चढवला नाही, उतरवला नाही.

"ब्रूटस चौकात बसला होता, बाबा. सगळ्या गावासमोर, तोंड न लपवता. कॅरेटच्या मागं नव्हता. त्यानं पोरं मारली तेव्हा कुणी विचारलं असतं, कुणी मारली, तर त्यानं सांगितलं असतं, मी. तुम्ही येऊन माझ्या गालाला हात लावला."

शेखरराव चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यांवर होता.

कुंदनरावांनी बैठक आटोपती घेतली. कार्यवृत्ताचं रजिस्टर प्रतीक्षाच्या पुढ्यात सरकवलं. संस्थेची कार्यवृत्तं नऊ वर्षं तीच लिहायची, कारण दुसऱ्या कुणाला शुद्ध मराठी येत नव्हती आणि सचिवांना, म्हणजे शेखररावांना, अशा कारकुनी कामाचा कंटाळा होता. नेहमीसारखं लिही, कुंदनराव म्हणाले, ठराव सर्वानुमते मंजूर. या संस्थेत आजवर एकही ठराव बहुमतानं मंजूर झाला नव्हता. माणसं भांडायची, रुसायची, एकमेकांच्या दारात जायची नाहीत, आणि रजिस्टरात सर्वानुमते नांदायची.

तिनं लिहिलं. चार ओळींत संपणारं ते वृत्त पानभर गेलं. अमोलनं एकदा घड्याळ पाहिलं, विपुल दोनदा उठून बसला. मग कुंदनरावांनी वाचायला सांगितलं आणि तिनं वाचलं. मतदान फुलांनी घेण्यात आलं. झेंडू तीन, निशिगंध दोन. अध्यक्षांनी मतदानानंतर सदस्यांचे हात हुंगून मतांची खातरजमा केली. अध्यक्ष श्री. कुंदन किसनराव निलखे, सदस्य श्री. भगवंत आणि सचिव प्रा. शेखर किसनराव निलखे यांनी झेंडू टाकला. सचिवांनी आपल्या मताचं कारण म्हणून रोमन कॉन्सल ब्रूटस यांचा दाखला दिला. सचिवांच्या गौरवग्रंथाचा विषय चर्चेस आला. माणिकबाई यांचं मत वासावरून ओळखता आलं नाही. ठराव बहुमतानं मंजूर. तासिका तत्त्वावरील शिक्षिका प्रतीक्षा निलखे यांनी उद्या सोमवारपासून येणार नसल्याचं सभेस कळवलं, त्याची नोंद घेण्यात आली.

"ताई," विपुल घाबरून म्हणाला, "उद्या ग्राकस बंधू हायेत. दुसऱ्या वर्षाले."

"जागा तुझी आहे," ती म्हणाली. "तू शिकव."

"कोण हायेत थे?"

तिनं पेनाला टोपण लावलं. अमोल उठला, गाडीची किल्ली खिशातून काढली आणि माणिकबाईला विचारलं, येते का अमरावतीले चार दिवस? मग प्रतीक्षाकडे न पाहता म्हणाला, तूबी चाल, क्लासले शिकवणारं माणूस पाहिजे, हॉल गेला तं गेला. तिनं पर्स उचलली.

भगवंतमामाजींचं म्हणणं पडलं की हे पान फाडावं. रजिस्टरला छापील क्रमांक आहेत, फाडता येत नाही, असं अमोलनं सांगितलं. मग मामाजी म्हणाले की शाई सांडली असं दाखवता येईल, रेल्वेत तसं बऱ्याचदा दाखवलं होतं.

"राहू द्या, जवाईबापू," कुंदनराव म्हणाले. ते रागावलेले अजिबात नव्हते. त्यांनी स्वतः पेन काढून अध्यक्षांच्या रेघेवर सही केली, मोठी, लफ्फेदार, दहावी नापासाची. "लिहू द्या पोरीले. मन मोकळं होईन. तीस वर्स झाले, हे रजिस्टर कोणी वाचलं हाय? शिकल्यासवरल्या माणसाईची संस्था हाय ही."

त्यांनी रजिस्टर भावाकडे दिलं. सचिवांची सही राहिली होती.

शेखररावांनी चष्मा नीट केला आणि पान पहिल्यापासून वाचायला घेतलं, उत्तरपत्रिका वाचायचे तसं, ओळीखाली पेन फिरवत. हात हुंगण्याच्या ओळीवर पेन थांबलं नाही. ब्रूटसवर थांबलं नाही. गौरवग्रंथावर किंचित रेंगाळलं. मग ते आपल्या नावापाशी परत आले, भुवया आक्रसल्या, आणि प्रतीक्षाला दारातून वाटलं की आता हा माणूस निदान एक ओळ खोडेल, निदान म्हणेल की हे खोटं आहे.

त्यांनी 'प्रा.' आणि 'शेखर' यांच्यामध्ये बारीक काकपदाची खूण काढली, वर सुवाच्य अक्षरात 'डॉ.' लिहिलं आणि खाली सही केली.